खिडकीसमोरचा सोनचाफा फुलत नसेल, किंवा फुलूनही घरातून दिसत नसेल, तर

घरात बसून फुले पाहता यावीत आणि वाऱ्यासोबत त्यांचा सुगंध आत यावा, या इच्छेने महाराष्ट्रात आणि गोव्यात खिडकीसमोर सोनचाफा लावणारे पुष्कळ आहेत. लावल्यानंतर तीन-चार वर्षांनी त्यांतल्या अनेकांची तक्रार एकच असते: झाड वाढले, पण ज्यासाठी लावले ते मिळाले नाही. आमच्या परिसरातील सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागांमध्ये ही तक्रार मी सतत हाताळत आलो आहे. बहुतेक ठिकाणी माझ्या आधी खताची पिशवी येऊन गेलेली असते. वास्तविक खताच्या अभावामुळे न फुलणारा सोनचाफा मला क्वचितच आढळला आहे. कारण बहुधा रोपाच्या जातकुळीत, उन्हात किंवा मुळांपाशी असते, आणि ते शोधण्यासाठी सुरुवातीला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

प्रथम लक्षणे नीट पाहावीत

पुढीलपैकी आपल्या झाडाला काय लागू पडते, ते ठरवल्याशिवाय कोणताही उपाय करू नये.

– झाड हिरवेगार आहे, पाने मोठी आहेत, वाढ जोमदार आहे. परंतु कळी एकही नाही.
– पूर्वी फुले येत असत, आता येत नाहीत, आणि खालून एखादी सरळ, दणकट फांदी फोफावलेली आहे.
– कळ्या धरतात, पण उमलण्याआधीच गळतात.
– फुले येतात, पण शेंड्याला किंवा पलीकडच्या बाजूला; घरातून केवळ खोड आणि पाने दिसतात.
– नवी पाने पिवळी पडतात, मात्र त्यांच्या शिरा हिरव्या राहतात.
– पाने मलूल होतात, शेंडे वाळतात, झाड दिवसेंदिवस विरळ होत जाते.

शेवटचे लक्षण असेल, तर प्रश्न फुलांचा नसून झाडाच्या जगण्याचा आहे. अशा वेळी मधले सर्व सोडून मुळांच्या तपासणीकडे वळावे. सोनचाफा सदाहरित असला तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची काही जुनी पाने पिवळी होऊन गळतात. ती गळ स्वाभाविक आहे, तिच्यावर औषध शोधू नये.

कलम आहे की बियांचे रोप आहे?

ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण तिचे उत्तर कधी कधी पुढच्या सगळ्या तपासण्या अनावश्यक ठरवते. बियांपासून वाढलेल्या सोनचाफ्याला फुलायला सात ते दहा वर्षे लागतात, कधी त्याहूनही अधिक. कलम केलेले झाड मात्र वर्ष-दोन वर्षांत फुलू लागते. कारण ज्या काडीपासून कलम केले, ती आधीच वयात आलेल्या झाडाची असते. खोडाच्या बुंध्याशी बसून जमिनीपासून साधारण वीतभर ते दोन वीत उंचीपर्यंतचा भाग पाहावा. कलम असेल तर तेथे सांधा दिसतो: फुगवटा, तिरकी रेघ किंवा सालीच्या रंगात आणि पोतात पडलेला फरक. सांधा कोठेच दिसत नसेल आणि झाड चार-पाच वर्षांचे असेल, तर ते बहुधा बियांचे आहे आणि त्याच्यात दोष काहीच नाही. त्याला वेळ हवा आहे. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आपोआप उगवलेल्या झाडांचेही असेच असते.

सांधा सापडला, तर तेथेच आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे कलम बांधताना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी. ती काढायची राहून गेली असेल, तर खोड जाड होताना ती सालीत रुतते आणि पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे जाऊ देत नाही. धारदार पात्याने तिला उभा छेद देऊन ती अलगद सोडवावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सांध्याच्या खालून फुटवा आला असेल, तर तो कलमाचा नसून खुंटाचा आहे. खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधले ते बियांचेच रोप, त्याची वाढ जोरकस. तो दोन पावसाळ्यांत वरच्या कलमाला मागे टाकतो आणि मालकाला वाटते की झाड छान वाढते आहे. पूर्वी फुलणारा सोनचाफा अचानक फुलेनासा झाला, की मी आधी हेच पाहतो. असा फुटवा कोवळा असतानाच मुळापासून खुडून टाकावा. तो मनगटाएवढा झाला असेल आणि वरचे कलम अजून जिवंत असेल, तर एकदम न कापता दोन टप्प्यांत कमी करावा, म्हणजे झाडाला धक्का बसत नाही. कलम मेलेच असेल, तर जे उरले आहे ते बियांचे झाड आहे असे समजून पुढचा निर्णय घ्यावा.

ऊन किती तास, आणि कोणत्या महिन्यात?

सोनचाफ्याला भरपूर फुलण्यासाठी रोज सुमारे सहा तास थेट ऊन लागते. सावलीत तो मरत नाही, उलट पाने मोठी आणि गडद करतो, आणि म्हणूनच फसगत होते. कळ्या नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात धरतात. त्या फुटीपर्यंत प्रकाश पोहोचला नाही, तर झाडाकडे फुलांवर खर्च करण्याइतके अन्न उरत नाही.

ऊन मोजायला उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून तासातासाला झाडाकडे पाहावे आणि शेंड्यावर, मध्यावर व घराकडच्या बाजूवर ऊन आहे की नाही, याची कागदावर नोंद करावी. हे एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात करणे आवश्यक आहे. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे १२ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ ११ मीटर पडते. इमारतीच्या उत्तरेला पाच-सहा मीटरवर लावलेले बुटके झाड त्या दिवसांत बहुतेक वेळ सावलीतच राहते. तेच झाड मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारच्या उन्हात असते, कारण त्या काळात सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. मे महिन्यात पाहणारा म्हणतो की झाडाला दिवसभर ऊन आहे. पण जूनपासून ढग येतात आणि आकाश मोकळे होईपर्यंत इमारतीची सावली पुन्हा लांबू लागलेली असते.

ऊन कमी पडत असेल, तर त्याचे कारण शोधावे. शेजारच्या झाडाची एखादी फांदी आड येत असेल, तर ती छाटून प्रश्न सुटतो, अर्थात योग्य परवानगी घेऊन. इमारतच आड येत असेल, तर खत, पाणी, औषध यांपैकी काहीही उपयोगी पडणार नाही, हे स्वतःला स्पष्टपणे सांगावे. झाड त्या सावलीच्या वर गेल्यावर फुलेल, पण मग ती फुले तिसऱ्या मजल्यावरच्यांना दिसतील.

फुले आहेत, पण खिडकीतून दिसत नाहीत

ही तक्रार मला या सर्व तक्रारींत सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, कारण झाड निरोगी असते, लावणाऱ्याची हौस खरी असते आणि तरीही दोघांची गाठ पडत नाही. सोनचाफा मुळात जंगलातला उंच वृक्ष आहे. रानात तो ३० मीटरपर्यंत आणि त्याहूनही वर जातो. मोकळा सोडला की तो सरळ प्रकाशाकडे धावतो आणि फुले वर नेतो. शिवाय घराकडची बाजू ही बहुधा त्याची कमी उन्हाची बाजू असते. खिडकी दक्षिणेला असेल, तर झाडाला दिवसभर ऊन मिळते, पण आतून आपल्याला त्याची उत्तरेकडची, म्हणजे पाठीची बाजू दिसते. खिडकी पूर्वेला असेल, तर सकाळचे ऊन पलीकडच्या बाजूवर पडते, आणि सूर्य घराच्या बाजूला येईपर्यंत घराचीच सावली झाडावर येते.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे झाड लहान असतानाच शेंडा खुडणे. कलमी झाड खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत आले, की मुख्य शेंड्याचा चार बोटे कोवळा भाग खुडावा. त्याखालून तीन-चार फुटवे येतात. ते हातभर झाले की त्यांचेही शेंडे खुडावेत. अशा रीतीने झाड उंच न जाता बाजूंनी भरते आणि फुले नजरेच्या पातळीवर राहतात. यासाठी नखे पुरतात, कात्रीही लागत नाही. मात्र हे काम दर वर्षी करावे लागते.

दुसरा उपाय झाड दाट झाले असेल तेव्हाचा आहे. आतल्या बाजूच्या एकमेकींवर घासणाऱ्या, वाळलेल्या आणि सरळ वर जाणाऱ्या बारीक फांद्या मुळापासून काढाव्यात, म्हणजे पलीकडचे ऊन झाडाच्या आरपार येऊन घराकडच्या फांद्यांवर पडते. एका वर्षात एकूण पानांच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये. सोनचाफ्याच्या मोठ्या जखमा सावकाश भरतात, म्हणून भर पावसात छाटणी टाळावी. थंडी संपत आली की कोरड्या हवेत ती करावी आणि अंगठ्याहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी.

वाढलेल्या झाडाचा माथा सरसकट उडवण्याचा सल्ला माळी अनेकदा देतात. तो मानू नये. कापलेल्या खोडाच्या टोकाशी पानसोटांचा, म्हणजे जोमाने वाढणाऱ्या कोवळ्या फुटव्यांचा, झुबका येतो; ते सरळ वर जातात, सांध्याशी कच्चे असतात आणि वादळात मोडतात. कापलेले टोक मात्र आतून कुजू लागते.

खत आणि पाणी

झाड हिरवेगार असून कळी नसेल, तर खत वाढवण्याऐवजी थांबवावे. युरिया किंवा ताजे शेणखत सतत मिळत असेल, तर नत्राच्या जोरावर पाने आणि फांद्या वाढत राहतात आणि फुलोरा लांबतो. हिरवळीला घातलेले खतही शेजारच्या सोनचाफ्याच्या मुळांपर्यंत पोहोचते, हे सहसा लक्षात येत नाही. एक हंगाम नत्र पूर्ण बंद ठेवावे. पावसाच्या सुरुवातीला कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड एवढेच आळ्यात मिसळावे.

कळ्या गळत असतील, तर पाण्यातील अनियमितता पाहावी. आठवडाभर कोरडे आणि मग एकदम बादल्या ओतणे, हे सर्वांत घातक ठरते. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागत असेल तर पाणी देऊ नये, कोरडे लागले तर खोलवर द्यावे. विदर्भातील उन्हाळ्यात, जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे आळ्यावर चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन केल्याशिवाय कळी टिकवणे अवघड असते; ते आच्छादन खोडाला मात्र चिकटू देऊ नये. खिडकीजवळ एसीचे बाहेरचे यंत्र असेल आणि त्याची गरम हवा झाडावर येत असेल, तर त्या बाजूच्या कळ्या आणि पानांच्या कडा सुकतात. यंत्रासमोर हवेची दिशा वळवणारी जाळी बसवून घेणे हाच तेथे उपाय आहे.

झाडावर फळांचे घोस लोंबत असतील, तर तेही काढून टाकावेत. बी पोसण्यात झाडाची बरीच शक्ती जाते.

पाने पिवळी, शिरा हिरव्या

याला शेतकरी केवडा म्हणतात, आणि सोनचाफ्यात तो बहुधा लोहाच्या कमतरतेचा असतो. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची असल्याने तेथे हा त्रास फारसा दिसत नाही. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. बांधकामाचा राडारोडा भरून केलेल्या सोसायटीच्या आवारातही हेच होते, कारण सिमेंट आणि चुना मातीत मिसळलेले असतात. बोअरच्या जड पाण्यानेही हळूहळू हीच स्थिती येते. कुंडीच्या काठावर किंवा आळ्यात पांढरा थर दिसत असेल, तर ती खूण समजावी.

येथे चुलीची राख घालू नये. राख अल्कधर्मी असते, ती दुखणे वाढवते. तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा द्यावे. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग राहतात, म्हणून खाली कापड अंथरावे. टिकाऊ उपाय मात्र मातीत कुजलेला पालापाचोळा वाढवणे आणि शक्य असेल तेव्हा पावसाचे पाणी देणे हाच आहे. दोन फवारण्यांनी फरक पडला नाही, तर अंदाजाने तिसरे औषध आणू नये. माती तपासून घ्यावी. दापोली आणि राहुरी येथील कृषी विद्यापीठांत, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रांत त्याबद्दल चौकशी करता येते.

कीड

पानांवर काजळीसारखा काळा थर आणि फांद्यांवर मुंग्यांची ये-जा दिसली, तर पानांच्या मागे आणि कोवळ्या फांद्यांवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण सापडतो. काळा थर हा त्यांच्या चिकट स्रावावर वाढलेला असतो. कीड थोडी असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढावी. अधिक असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी घोटून फवारावे. पाने कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या, तर कृपया त्यांना राहू द्यावे. काही सुंदर फुलपाखरांच्या अळ्या याच झाडावर वाढतात आणि मोठ्या झाडाचे त्यांच्याने काही बिघडत नाही.

मुळे आणि निचरा

ही तपासणी कष्टाची आहे, म्हणून ती शेवटी ठेवली आहे. परंतु झाड मलूल होत असेल तर ती आधी करावी. सोनचाफ्याची मुळे मांसल असतात आणि साचलेल्या पाण्यात लवकर कुजतात. कुजलेल्या मुळांचे झाड तहानलेल्या झाडासारखेच दिसते. माळी मग आणखी पाणी घालतो आणि झाड जाते.

खोडापासून दीड-दोन मीटरवर हातभर खोल खड्डा खणावा, पाण्याने भरावा, जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच असेल, तर निचरा नाही. अशा ठिकाणी आळे मोडून माती खोडाकडून बाहेर उतरती करावी आणि पाणी वाहून जाईल असा चर काढावा. त्यानंतर बुंध्याजवळची माती हाताने उकरून पाहावी. कलमाचा सांधा मातीखाली गाडला गेला असेल, तर तो मोकळा करावा. लावताना प्लॅस्टिकची पिशवी न काढताच झाड खड्ड्यात ठेवले असेल, तर तिच्या कडा येथेच सापडतात. तरुण झाड असेल तर पिशवी तुकड्यातुकड्याने कापून काढता येते. मुळे काळी, मऊ आणि दुर्गंधीयुक्त लागली, तर खणणे थांबवावे.

येथे थांबावे

पुढील कामे स्वतः करू नयेत. खोडातून भुसा किंवा चिकट द्रव येत असेल, बुंध्याशी भूछत्रे उगवली असतील किंवा मुळे मोठ्या प्रमाणात कुजली असतील, तर वनस्पतिरोगतज्ज्ञाला दाखवावे. झाड एका बाजूला कलले असेल आणि विरुद्ध बाजूच्या जमिनीला भेग पडली असेल, तर ते कधीही पडू शकते. त्याखालची वाहने आणि माणसे हटवून महापालिकेच्या उद्यान विभागाला त्याच दिवशी कळवावे. फांद्या विजेच्या तारांपाशी पोहोचल्या असतील, तर वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीलाच बोलवावे. लाकडी दांड्याची कात्रीही तेथे सुरक्षित नसते. शिडीवर उभे राहून करवत चालवण्याची वेळ येईल, ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे. भिंतीला भेगा पडल्या असतील, तर झाडावर दोष ठेवून ते तोडण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी, कारण अशा भेगांची कारणे पुष्कळदा गळक्या नळांत आणि खचलेल्या भरावात असतात.

शहरात झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड आपल्या आवारातले आणि आपणच लावलेले असले तरीही ती लागते. मोठ्या छाटणीसाठीही आधी अर्ज करावा.

जागाच चुकली असेल तर

वाढलेला सोनचाफा उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नये. मुळे दुखावलेली त्याला सोसत नाहीत आणि तो बहुधा जगत नाही. जुने झाड आहे तेथे राहू द्यावे, आणि खात्रीच्या रोपवाटिकेतून फुलावर आलेले कलम आणून ते नव्या जागी लावावे. जागा ठरवताना एकाने घरात नेहमीच्या खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्याने बाहेर लांब बांबू उभा धरून मागे-पुढे सरकावे. खुर्चीतून बांबूचा जो भाग खिडकीच्या चौकटीत दिसतो, त्यावर खालची आणि वरची अशा दोन खुणा कराव्यात. फुले त्या दोन खुणांच्या मध्ये राहतील एवढेच झाड वाढू द्यायचे आहे. भिंतीपासून किमान तीन ते चार मीटर अंतर राखावे, ड्रेनेजच्या नळाची रेषा टाळावी, आणि खड्डा खणण्यापूर्वी त्या ठिकाणी डिसेंबरमध्ये ऊन किती तास येते, ते पाहून घ्यावे. लागवड जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन जमिनीला वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर, करावी.